साठ सेंटीमीटर माती

"बारा," सुगंधा स्वतःशीच म्हणाली. सळई बाहेर काढून तिने मांडीवरच्या वहीत आकडा लिहिला आणि चार पावलं पुढे सरकली.

सकाळचे दहा वाजले होते, पण मार्चचं ऊन आत्ताच पाठ भाजून काढत होतं. भांडुपच्या डोंगरउतारावर कातळवाडी नावाची साठेक घरांची वस्ती होती आणि तिच्या डोक्यावर हा उघडा माळ. त्यावर चाळीस ठिकाणी मातीची खोली मोजायची होती. सळई रोवायची, हातोडीने ठोकायची, खाली दगड लागून टणकन आवाज आला की थांबायचं आणि सळई किती बुडाली ते पट्टीने मोजायचं. नऊ. चौदा. अकरा. एका भेगेत तेवीस मिळाली तेव्हा सुगंधाला उगाचच बरं वाटलं. पुढे पुन्हा दहा.

सर्वांत वरच्या ओळीतल्या एका घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. तिचं नाव द्रौपदी. पवईच्या बिल्डिंगांमध्ये चार घरचं काम करून ती नुकतीच परतली होती.

"ताई, उनात काय शोधताय? बोअर मारणार का काय हितं?"

"नाही गं. माती किती खोल आहे ते बघतेय. इथे झाडं लावायचा विचार चाललाय."

द्रौपदी हसली. "माती कुठाय हितं? आमच्या घराला पायाच न्हाई. माझ्या सासऱ्यानं खडकावरच इटा रचल्या. कुदळ मारली की ठिणगी उडायची म्हणं."

सुगंधा पाणी प्यायली आणि तिने तेही वहीच्या कडेला लिहून ठेवलं: पाया नाही, थेट खडक. असल्या गोष्टी लिहून ठेवायची तिची जुनी सवय होती. मुलुंडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिने अठ्ठावीस वर्षं काढली होती. मुलांसाठी पानं दाबायची, कुंड्यांना पाणी घालायचं, काचपट्ट्या धुवायच्या. मुलं यायची बंद झाली तसा विभाग बंद झाला. तेव्हा तिथलीच जुनी विद्यार्थिनी गंधाली हिने तिला पवईच्या आपल्या कंपनीत कंत्राटावर लावून घेतलं. कॉलेजात गंधाली तिला मावशी म्हणायची, ऑफिसात ताई म्हणू लागली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

गंधालीचं काम कॉम्प्युटरवर झाडं वाढवण्याचं. एखाद्या जागी गवत, झुडपं आणि झाडं एकत्र लावली तर कोण जगेल, कोण कोणाला दाबून टाकेल, हे तिचं मॉडेल दाखवायचं. पण आधी त्याला तिथली परिस्थिती भरवावी लागे. पाऊस किती, ऊन किती तास, उन्हाळ्यात पारा किती चढतो, माती किती खोल, ती पाणी किती धरते. या आकड्यांची फाइल भरणं हे सुगंधाचं काम. पहिल्याच दिवशी गंधालीने तिला सांगितलं होतं, "ताई, याला बाहेरचं काही दिसत नाही. आपण जे भरू तेच त्याचं ऊन आणि तोच त्याचा पाऊस. म्हणून नीट भरायचं." त्या दिवसापासून सुगंधा प्रत्येक आकडा दोनदा वाचून भरायची.

कातळवाडीचा प्रश्न साधा होता. पावसाळ्यात उतार खाली येऊ नये म्हणून संरक्षक भिंत बांधायची, की झाडा-गवताच्या मुळांनीच तो धरून ठेवायचा? 'हरित उतार' नावाच्या प्रकल्पाला याचा अहवाल हवा होता, महिन्याअखेर.

दुसऱ्या दिवशी सुगंधाने फाइलमध्ये बारा भरले आणि गंधालीने मॉडेल सुरू केलं. पडद्यावर उताराचे चौकोन हिरवे झाले. तीन मिनिटांत तीस वर्षं सरायची. पहिल्या उन्हाळ्यात अर्धी रोपं गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात उरलेल्यांतली बरीच. पाचव्या वर्षानंतर पावसाळ्यात नुसतं गवत यायचं आणि एप्रिलमध्ये सगळं तपकिरी व्हायचं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, तेच ते. सुगंधाला पडद्याकडे बघवेना.

मागे राजेश सर येऊन उभे राहिले होते. कंपनी त्यांची.

"हे काय? ओसाड? मातीची खोली किती टाकलीये?"

"बारा, सर. चाळीस जागी मोजली."

"त्या पट्ट्याच्या नकाशात साठ आहे. साठ टाका."

"नकाशा सगळ्या डोंगराचा आहे सर. हा तुकडा मी स्वतः..."

"ताई, सळई दगडाला लागली की तुम्ही थांबता. दगडाखाली परत माती असेलच ना? चाळीस भोकं पाडून डोंगर कळतो का?" सर रागावले नव्हते, घाईत होते. "आणि गंधाली, रोजचा पाऊस कशाला घातलायस? महिन्याची सरासरी घे. क्लायंटला झाडं लावायचीत, यार. त्यांनी ते आधीच ठरवलंय."

गंधालीने महिन्याच्या सरासरीची फाइल उघडली. सुगंधाने बारा खोडून साठ केले. मागच्या जुलैत एकाच दिवसात वर्षभराच्या पावसाचा दहावा भाग कोसळला होता, तो एकतीस दिवसांत वाटला गेला. पडदा हिरवा झाला, आणखी हिरवा झाला, आणि तिसाव्या वर्षी तिथे जंगल उभं होतं.

"झकास," सर म्हणाले. "ताई, मोजणीच्या तक्त्यावर तुमची सही लागेल. मोजणारे म्हणून. परवापर्यंत द्या."

सही करण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून सुगंधा सकाळी पुन्हा कातळवाडीला गेली. आणखी दहा जागी सळई ठोकली. दहा, तेरा, आठ. ठोकण्याचा आवाज ऐकून द्रौपदीने तिला हाक मारून घरात नेलं. आत खाटेवर सासू पडून होती, कमरेतून गेलेली. मुलगी अपूर्वा बारावीची परीक्षा संपवून झोपली होती. चहा होईपर्यंत नंदकुमार आला. तो वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष, वायरमन म्हणून रिटायर झालेला, पन्नास वर्षं तिथेच राहिलेला.

"मॅडम, स्पष्ट बोलतो," तो दारातच उभा राहून म्हणाला. "भिंत आली तर वरची एकोणीस घरं पाडायला लागणार. त्यांना कुठे तरी लांब खोल्या देणार. मुलांच्या शाळा, बायकांची कामं, सगळ्याची वाट लागणार. झाडं लावली तर कोणाला हलायला नको. तुमचा रिपोर्ट झाडांचा येऊ दे."

"पण माती फार कमी आहे हो इथे."

"पन्नास वर्षांत एक दगड नाही हलला."

द्रौपदीने तिच्या हातात कप दिला. "ताई, तुमच्या हातात हाय म्हणं. भिंत आली तर पैलं घर माझं जाईल. या म्हातारीला उचलून कुठं नेऊ मी?"

चहा चांगला होता, आलं घातलेला. सुगंधाने तो सावकाश संपवला.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. धोंडू निवांत माणूस, मासे साफ करत बसला होता. "माती बारा असांदे नायतर साठ," तो म्हणाला, "तुझां काय जाता? लोकांकाच नको भिंत, तर तू कित्याक मधी पडतंस?"

सुगंधाने दुसऱ्या दिवशी सही केली. पेन उचलताना तिला द्रौपदीची सासू आठवली आणि आपण एक चांगलंच काम करतोय असं वाटलं. कंत्राट जूनमध्ये संपत होतं, हेही तिला आठवलं. त्यातलं आधी काय आठवलं ते तिला पुढे कधी नक्की सांगता आलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात द्रौपदीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, बगायला या! लाल माती आलीया. आमच्या गावाकडच्या शेतावानी दिसतंय."

सुगंधाला आधी काही कळलं नाही. "कसली माती? कुठून आली?"

"टेम्पोनं. पंदरा दिस झालं, रोज येतीया."

ती तशीच निघाली. वस्तीच्या पायऱ्या चढून वर आली आणि थांबली. जिथे तिची सळई खणाखण वाजत होती तो काळा माळ दिसेनासा झाला होता. वरपासून खालपर्यंत लाल माती पसरलेली होती आणि तीसेक मजूर पायऱ्यांनी आणखी घमेली वर नेत होते. काही ठिकाणी रोपंही लागली होती, काठ्यांना बांधलेली, ओळीने. मातीची खालची कड द्रौपदीच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकली होती.

कामावरचा सुपरवायझर हातात खुणा केलेली काठी घेऊन फिरत होता. काठी मातीत खुपसून तो वहीत बरोबरची खूण करत होता.

"ही माती कोणी टाकायला सांगितली?" सुगंधाने विचारलं.

"रिपोर्टमध्ये आहे ना मॅडम. साठ सेंटीमीटर. आम्ही खड्डे मारायला गेलो तर इथे वीतभर पण माती नाही. आता कागदावर साठ आहे म्हटल्यावर साठ करायलाच पाहिजे. नाहीतर काम पास कसं होणार?" त्याने काठी पुन्हा खुपसली आणि समाधानाने दाखवली. "बघा. बरोब्बर साठ."

सुगंधा खाली बसली. तिने हात मातीत घातला. माती कोमट होती, भुसभुशीत, मनगटाच्या वरपर्यंत हात सहज आत गेला. बाहेर काढला तर ती जागा आपोआप बुजली आणि वरची माती मूठभर खाली सरकली. अजून पाऊस लागायचा होता.

तिथून ती सरळ पवईला गेली. गंधाली जेवत होती. सुगंधाने उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता मॉडेलमध्ये घाल. खाली गुळगुळीत खडक, वर सुटी माती, आणि रोजचा पाऊस. मागच्या जुलैचा. काय होतं ते सरांना दाखवू."

गंधालीने डबा बंद केला. "काही नाही होणार, ताई. झाडं छान वाढतील."

"अगं, पण माती खाली येईल ना!"

"त्यात माती येत नाही खाली. आपण तसं बनवलंच नाहीये. रोप उगवतं नाहीतर मरतं, बस. जमीन हलते हे त्याला माहीतच नाही." तिने डबा बाजूला सारला. "मी सरांना सांगते."

तिने सांगितलं. सरांचं उत्तर दोन ओळींत आलं: अहवाल स्वीकारला गेला आहे, पुढच्या कामाशी आपला संबंध नाही. आठवड्याने सुगंधाला कळवण्यात आलं की त्याच आठवड्यात संपणारं तिचं कंत्राट पुढे वाढवलेलं नाही. निरोप द्यायला गंधाली लिफ्टपर्यंत आली आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत जमिनीकडे बघत राहिली.

त्या रविवारी सुगंधाने स्वयंपाकघरात बसून पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. शेवटचं असं होतं: 'कातळवाडीच्या माळावर मी पन्नास जागी माती मोजली. ती सरासरी बारा सेंटीमीटर आहे. अहवालात साठ लिहिलं आहे, ते खोटं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे. आता तिथे बाहेरून माती आणून खडकावर टाकली आहे. ती पावसात घरांवर येईल. पावसाआधी ती काढावी, नाहीतर माणसं हलवावीत.' सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या.

धोंडूने चष्मा लावून पत्र वाचलं. "'खोटां' ह्यो शब्द काढ," तो म्हणाला.

"राहू दे तो."

सोमवारी प्रकल्पाच्या कचेरीत पत्र द्यायला तो तिच्याबरोबर आला. तिथल्या मुलीने पत्र न वाचताच त्यावर शिक्का मारला आणि पोच दिली.

दुसरी प्रत घेऊन सुगंधा कातळवाडीला गेली. मंडळाच्या खोलीत दहा-बारा जण जमले. तिने पत्र मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर नंदकुमार उठला, त्याचा चेहरा लाल झाला होता.

"हे तुम्ही आता सांगताय? हे पत्र वर गेलं की उद्या आम्हाला नोटिसा लागतील. कोणी लिहायला सांगितलं होतं?"

"कोणी नाही. माझी सही आहे म्हणून लिहिलं."

द्रौपदी दाराशी उभी होती. "ताई, माझ्या घरचा चहा पिऊन सही केलीत," ती म्हणाली, "आन आता आमालाच घाबरवाया आलात व्हय? जावा तुम्ही."

नोटिसा लागल्या नाहीत. पत्राला उत्तरही आलं नाही. जून सरला, रोपं तरारली. पवईला जाता-येता लोक वर बघून म्हणायचे, काय हिरवंगार केलंय! सुगंधा मात्र सकाळी उठली की आधी आकाश बघायची, मग फोनवर पावसाचा आकडा बघायची आणि कॅलेंडरच्या चौकोनात तो लिहायची. चाळीस. पंचावन्न. बावीस. धोंडू ते बघायचा आणि चहा तिच्यापुढे सरकवायचा.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाने चौकोनात दोनशे दहा लिहिलं आणि छत्री घेऊन निघाली.

वस्तीत शिरताच तिला पहिली गोष्ट जाणवली ती गटाराची. एवढा पाऊस पडत होता, डोंगरावरून येणारं गटार दुथडी भरून वाहायला हवं होतं. ते जवळजवळ कोरडं होतं. पाणी वरच कुठेतरी मुरत होतं. ती धापा टाकत वरच्या ओळीपर्यंत चढली. माळावरची रोपं सरळ उभी नव्हती. सगळी एकाच बाजूला कलली होती, घरांकडे.

द्रौपदीने दार उघडलं, तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"माझ्याशी बोलू नकोस," सुगंधा म्हणाली. "फक्त मागे जाऊन तुझी भिंत बघ."

द्रौपदी मागच्या खोलीत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हाताला लाल चिखल होता. भिंतीच्या विटांमधून तो पेस्टसारखा आत येत होता. तिने अपूर्वाला हाक मारली, दोघींनी म्हातारीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, साडीने बांधलं आणि तिघींनी मिळून ती खुर्ची पायऱ्यांवरून खाली न्यायला घेतली.

अर्ध्या वाटेत नंदकुमार भेटला. तो काहीतरी ओरडणार होता. मग त्याने खुर्चीतली म्हातारी पाहिली, द्रौपदीचे हात पाहिले आणि वर नजर टाकली. पुढच्या क्षणी तो पायऱ्या चढत होता. "बाहेर पडा!" तो प्रत्येक दारावर थापा मारत होता. "सामान राहू दे, आधी माणसं! खाली शाळेत चला सगळे!" सुगंधाचं कोणी ऐकलं नसतं. त्याचं ऐकलं. अर्ध्या-पाऊण तासात वरची एकोणीस घरं आणि खालची पंधरा-वीस घरं रिकामी झाली.

शाळेच्या पडवीत नंदकुमार बोटांवर घरं मोजत होता. मोजता मोजता थांबला. "सम्यक कुठाय?"

सम्यक रात्रपाळीचा वॉचमन होता, एकटा राहायचा, सकाळी येऊन कानात बोळे घालून झोपायचा. दारावर थाप पडली असेल, पण त्याला ऐकू गेली नसणार.

"मी आणतो," नंदकुमार म्हणाला आणि डोक्यावर गोणपाट घेऊन पुन्हा चढायला लागला.

नऊ चाळीसला आवाज आला. तो फार मोठा नव्हता. ओली गोधडी कोणी जोरात झटकावी तसा. शाळेतल्या बायका पडवीच्या कडेला धावल्या. मग लहान मुलं रडायला लागली. त्यांनी तर काही पाहिलंही नव्हतं.

सात घरं छपरापर्यंत भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं सापडले, सम्यकच्या दाराच्या आत, एकमेकांच्या जवळ. नंदकुमारचा हात सम्यकच्या दंडावर होता. वर माळावर एकही रोप राहिलं नव्हतं. धुतलेला काळा कातळ पावसात चकाकत होता.

चौकशीला आलेले अधिकारी शाळेतल्याच एका वर्गात बसले. त्यांच्याकडे अहवाल होता, तिचं पत्रही होतं.

"ही सही तुमची?" अहवाल दाखवून त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि ही?"

"तीही माझीच."

"पहिली करताना तुमच्यावर दबाव होता का? तसं असेल तर सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे."

सुगंधाने विचार केला. "साठ टाका म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण माती मीच मोजली होती. मला माहीत होतं." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि गरज पडल्यास पुन्हा बोलावू म्हणाले.

ती व्हरांड्यात आली. पलीकडे शेडमध्ये वस्तीतल्या बायका संध्याकाळच्या जेवणासाठी बटाटे सोलत बसल्या होत्या. मधे दोन पोती, भोवती दहा-बारा जणी. सुगंधा जाऊन द्रौपदीच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बसली आणि परातीतली एक सुरी उचलली.

द्रौपदीने हातातला बटाटा पूर्ण सोलला, पाण्यात टाकला, पदराला हात पुसले आणि उठून पलीकडे आपल्या सासूच्या खुर्चीपाशी जाऊन बसली. हळूहळू बाकीच्याही एकेक करून उठल्या. कोणाला चूल बघायची होती, कोणाला मुलं.

सुगंधाने मान वर केली नाही. अजून दीड पोतं उरलं होतं. तिने पुढचा बटाटा घेतला.